चेस्ट नंबर अकरा

सर माणसांना नावाने हाक मारत नसत. आमच्या बिल्डिंगमधली सगळी माणसं त्यांना नंबराने पाठ होती. वॉचमन दोन नंबर, पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचा मुलगा चार, समोरच्या दारातल्या मास्तरीणबाई सहा. स्वतःच्या बायकोला ते एक नंबर म्हणत, आणि त्यात काही लाडिगोडी आहे असा कोणाचा समज व्हायला नको म्हणून लगेच खुलासा करत, की ती फक्त सगळ्यांत आधी आली होती. मी अकरा.

सर हवाई दलातून निवृत्त झाले होते. विमानं त्यांनी तरुणपणी चालवली असतील तेवढीच. नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांची गेली ती निवड मंडळात, म्हणजे वैमानिक व्हायला आलेल्या मुलांना पारखण्यात. त्या मंडळाला ते नुसतं ‘बोर्ड’ म्हणत. बोर्डात मुलगा आला की त्याच्या छातीवर आणि पाठीवर नंबराचं कापड बांधतात. त्याला चेस्ट नंबर म्हणायचं. पुढचे चार-पाच दिवस तो मुलगा म्हणजे तो नंबर. सर निवृत्त झाले, नेरूळला फ्लॅट घेऊन राहिले, पण ती सवय काही निवृत्त झाली नाही.

मी एकदा त्यांना म्हटलं होतं, की सर, माणसाला नंबर देणं बरं नाही दिसत, हे जेलमध्ये असतं. त्यावर ते म्हणाले, “नाव सांगितलं की जात कळते. आडनाव सांगितलं की गाव कळतं. मग माणूस बघायची गरजच उरत नाही. नंबरावरून काय कळतं? काही नाही. मग बघावंच लागतं.”

हे त्यांनी ज्या ठिकाणी बसून सांगितलं ते ठिकाण त्याला अगदी योग्य होतं. त्या वर्षांत नेरूळमध्ये कोणीच नेरूळचं नव्हतं. कोणी साताऱ्याचं, कोणी रत्नागिरीचं, कोणी परळच्या चाळीतली खोली विकून आलेलं. नवीन कोणी राहायला आलं की पहिला प्रश्न ‘गाव कोणतं?’ आणि उत्तर मिळालं की विचारणारा पुढचं सगळं स्वतःच ठरवून मोकळा. सर मात्र कोणालाच गाव विचारत नसत. त्यामुळे ते फार शिष्ट आहेत असं बिल्डिंगचं एकमत होतं. पोरं त्यांना पाठीमागे ‘रिजेक्टकाका’ म्हणायची, कारण संध्याकाळच्या क्रिकेटमध्ये कोणी आउट झाला की गेटजवळच्या खुर्चीवरून त्यांचा शांत आवाज यायचा, “चार नंबर, नॉट रेकमेंडेड.”

ती खुर्ची कॅनव्हासची, घडीची. सकाळी दूध आलं की ती गेटच्या आत मांडली जाई आणि ऊन अंगावर येईपर्यंत सर तिच्यावर असत. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हात मांडीवर. पेपर नाही, रेडिओ नाही. ते बघत असत. पाण्याचा टँकर आला की खुर्ची टँकरपाशी जाई आणि बादल्यांची भांडणं सुरू झाली की ते थोडे पुढे झुकून बसत. कोणी म्हणालं, की साहेब, तुम्हीच काहीतरी बोला ना, तर ठरलेलं उत्तर मिळे: “मी फक्त बघतो.” आणि खरोखरच, मारामारी होईपर्यंत ते फक्त बघत.

त्यांचं हे बघणं मोडून काढणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे. शिरवण्याहून एक आगरी बाई मासे घेऊन यायची. सर तिच्या टोपलीकडे, तिच्या सुरीकडे, गिऱ्हाइकाशी ती कशी बोलते त्याकडे असे टक लावून बघत, की एक दिवस तिने टोपली खाली आपटली आणि म्हणाली, “नुस्ता बगत काय बसलास? घेनार हाय का नाय?” सरांनी घरात मासे चालत नसताना डझनभर बोंबील घेतले आणि दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले, की पुढाकार म्हणजे काय ते आज बघितलं, या बाईला बोर्डात कोणी अडवू शकलं नसतं. बोंबील अर्थातच वॉचमनने खाल्ले.

त्यांची माझी ओळख झाली ती आम्ही दिघ्याहून तिथे राहायला आलो त्या दिवशी. माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, मूळचे कोरेगाव तालुक्यातले. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात त्यांचा भाड्याचा टेम्पो चालायचा. त्याच टेम्पोत संसार भरून आम्ही आलो, बरोबर मार्केटमधले दोन हमाल, आण्णांचे गाववाले. त्या काळी नेरूळमध्ये रस्ता आधी करत आणि मग तो खणत. गेटसमोर पाइपलाइनसाठी आडवा चर खणून ठेवला होता, चांगला रुंद, आणि खाली चिखल. टेम्पो चराच्या अलीकडे, बिल्डिंग पलीकडे. टेम्पोत लोखंडी कपाट, पाटा-वरवंटा, ट्रंका, आणि आई, जिला चर बघूनच घाम फुटला होता.

मग जे व्हायचं ते झालं. आण्णा हमालांवर ओरडले, हमाल एकमेकांवर ओरडले, चरात दगड टाकून पायरी करायचं ठरलं आणि दगड चिखलाने गिळले. एक जण उडी मारून पलीकडे गेला आणि पलीकडे जाऊन काय करायचं ते त्याला सुचेना. आणि हे सगळं चालू असताना गेटच्या आत एक गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसून आमच्याकडे शांतपणे बघत होते. त्यांच्या खुर्चीच्या मागे, भिंतीला टेकवून, दोन दणकट फळ्या उभ्या होत्या.

मला त्या फळ्या दिसल्या. मी चराच्या कडेकडेने, शेजारच्या प्लॉटमधल्या गवतातून वळसा घालून गेटपाशी गेले आणि म्हटलं, “काका, त्या फळ्या घेऊ का?”

“घे.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“आधी कोणी मागितल्या?”

पण एवढ्यावर सुटका नव्हती. एका फळीचं टोक हातभर लाल रंगवलेलं होतं. सर उठून आले आणि हमालांना म्हणाले, की लाल भागावर पाय ठेवायचा नाही. हमाल बुचकळ्यात पडले. एकाने विचारलं, “का वं सायेब? मोडतीय का फळी तितं?” सर म्हणाले, मोडत नाही, पण नियम आहे. “आन् पडला पाय तर?” सर म्हणाले, मग कपाट परत टेम्पोत ठेवायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. मला अजून कळत नाही, की त्या माणसाच्या बोलण्यात असं काय होतं. मार्केटमध्ये व्यापाऱ्यालाही न जुमानणारे ते दोघे, पाठीवर लोखंडी कपाट घेऊन, लाल भाग चुकवण्यासाठी पावलं मोजत त्या फळीवरून आले. शेवटच्या हातभराला त्यांनी कपाटासकट उडी मारली. संध्याकाळी आण्णा चहा पिताना म्हणाले, “म्हातारं येडं हाय. पर फळी चांगली हाय.”

जाताना सरांनी मला बोलावलं आणि माझ्याकडे वर-खाली बघून म्हणाले, “अकरा नंबर.” मला वाटलं फ्लॅटचा नंबर सांगताहेत. मी म्हटलं, आमचा सात आहे. “फ्लॅट सात. तू अकरा,” असं म्हणून ते फळ्या पुसायला लागले.

पुढे काकूंशी, म्हणजे त्यांच्या एक नंबरशी, माझी गट्टी जमली आणि मी त्यांच्या घरात येऊ-जाऊ लागले. बेल वाजवली की दार सर उघडत. आतून काकू विचारत, “कोण आलंय हो?” सर सांगत, “अकरा नंबर.” की काकू आधणात एक कप पाणी वाढवत. हे इतक्या वेळा झालं, की कधी कधी मीच बाहेरून ओरडून सांगायचे.

फळ्यांचा उलगडा तिथेच झाला. बोर्डात सरांचं काम मैदानावरचं होतं. आठ-दहा मुलांच्या गटाला दोन फळ्या, एक दोर आणि एक पिंप द्यायचं आणि सांगायचं, की ही नदी समजा, पलीकडे जा, लाल रंगाला शिवायचं नाही. आणि मग बाजूला उभं राहून बघायचं. पलीकडे कोण पोचलं याला सर फारशी किंमत देत नसत. कोण दुसऱ्याचं ऐकून घेतो, कोण फळी हिसकावतो, दोर संपल्यावर कोणाचा चेहरा पडतो, शेवटी राहिलेल्या जाड्या मुलाला हात द्यायला कोण मागे येतो, ते बघायचं. विमान उडवायला नंतर शिकवता येतं, असं ते म्हणत.

सर मैदानावर असताना दुसरा एक अधिकारी मुलांना अंधुक चित्रं दाखवून त्यावर गोष्टी लिहायला लावी आणि त्या गोष्टींतून त्यांचं मन वाची. तिसरा नुसत्या गप्पा मारी. एकाने मन बघायचं, एकाने बोलणं, एकाने करणं. मनसा, वाचा, कर्मणा, असं सर संध्याकाळच्या आरतीला म्हणावं तसं म्हणत. आणि बोर्डाचा रिवाज असा, की या तिघांनी शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सपर्यंत मुलांबद्दल एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही. एकाच मेसमध्ये जेवायचं, पण हवापाण्यावर बोलायचं. शेवटी तिघांचं एकमेकांशी जुळलं, तर मुलगा जसा आहे तसाच दिसतो आहे असं समजायचं.

कोचिंग क्लासवाल्यांवर त्यांचा फार राग. क्लासला जाऊन आलेला मुलगा त्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येई. चित्र कुठलंही दाखवा, या मुलांच्या गोष्टीतला नायक बुडणाऱ्या पोराला वाचवायचाच. ढगाचं चित्र दाखवलं तरी ढगाखाली तळं असे आणि तळ्यात पोर.

स्वतःच्या मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा सरांनी घरीच बोर्ड भरवला. मन वाचायचं काम काकूंना, गप्पा काकूंच्या भावाला, मैदान स्वतःकडे. मुलगा ठाण्याचा, इंजिनीअर, गरीब स्वभावाचा. काकूंनी त्याला अल्बममधला एक हललेला फोटो दाखवून गोष्ट सांगायला लावली. मग सरांनी त्याला माळ्यावरची गादी खाली काढायला सांगितली आणि शिडी मुद्दाम गच्चीवर ठेवून दिली. संध्याकाळी तिघांची कॉन्फरन्स बसली. सर म्हणाले, की मुलाने शिडी मागितली नाही, स्टुलावर खुर्ची चढवली, सबब नॉट रेकमेंडेड. तेव्हा काकूंनी शांतपणे सांगितलं, की दोघं वर्षभर वाशीला भेटताहेत आणि हॉल बघून झाला आहे. लग्न झालं. जावयाला सर शेवटपर्यंत “एकोणीस नंबर, बॉर्डरलाइन” म्हणत आणि तो बिचारा हसत हसत पाया पडे.

लग्नकार्यांत तर सरांना नेणं धोक्याचंच होतं. वैमानिकाचे पाय आणि बसल्या जागी उंची मापात लागते, नाहीतर विमानात तो नीट मावत नाही. सर हे माप नजरेने घेत. नवरीला सगळे गोरीगोमटी, नक्षत्रासारखी म्हणत असताना हे मोठ्याने सांगत, की बैठी उंची उत्तम आहे, मांड्या मात्र जरा लांब पडतील.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते, ते पेपरात जाहिरात येईपर्यंत. हवाई दल आता मुलींनाही वैमानिक म्हणून घेणार, असं तोवर कळलं होतं. पण मी बी.एस्सी. झाल्यावर घरच्यांची तयारी करण्यातच माझी वर्षं गेली. आण्णांना पोरीने बँकेच्या परीक्षा द्यायला हव्या होत्या. ते म्हणायचे, “टेम्पोला ब्रेक हाय, इमानाला हाय का?” शेवटी ते हो म्हणाले तेव्हा वयाच्या अटीत बसेल अशी माझी ती एकच संधी उरली होती. त्यानंतर मी वयात बसणार नव्हते. मला उडायचं होतं. का, ते मला तेव्हाही नीट सांगता येत नव्हतं. मार्केटमध्ये टेम्पोच्या टपावर बसून कांद्याची पोती मोजताना सांताक्रूझला उतरणारी विमानं डोक्यावरून जायची, आणि मी मोजणी विसरायचे, एवढंच.

बोर्डाचं बोलावणं आलं तशी मी धावत सरांकडे गेले. ज्या माणसाने जन्मभर हेच केलं तो माणूस दोन मजले खाली राहतो आहे, म्हणजे माझं कामच झालं असं मला वाटत होतं. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आणि नाही म्हणाले.

“उंची मोजताना टाचा वर करायला मी शिकवणार नाही,” ते म्हणाले. “तू जशी आहेस तशी जा. ते तेवढंच बघणार आहेत.”

आणि ते तिथेच थांबले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या घरात बोर्डाचा विषय बंद. बिल्डिंगमध्ये एक उमेदवार राहते आहे म्हणून त्यांनी गेटजवळच्या फळ्या, दोर, पिंप उचलून मीटर रूममध्ये ठेवले आणि कुलूप घातलं. टँकरची भांडणं बघतानासुद्धा मी जवळ आले की ते खुर्ची उलटी फिरवून बसत, चुकून तोंडातून काही निघायला नको म्हणून. बिल्डिंगभर मी त्यांची नक्कल करून दाखवायचे आणि सगळे हसायचे. खरं सांगायचं तर मला त्यांचा फार राग आला होता.

काकूंचं मात्र वेगळं होतं. बोर्डात एक मशिन टेस्ट असते. समोर उजेडाचा ठिपका पळत असतो आणि तुम्ही हाताने दांडा नि पायाने पेडल चालवून तो चौकटीत धरायचा. ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात पडलं की वैमानिक होण्याचा विषय कायमचा संपला. हे काकूंना संसारात कानावर पडून पडून माहीत होतं. त्या मला म्हणाल्या, “तुला ब्लाउज शिवता येतो का गं? येत नाही? मग उद्यापासून दुपारी येत जा. ब्लाउज शिकवायला काही बोर्डाची बंदी नाही.”

त्यांचं पायाचं मशिन होतं. त्या कापडावर खडूने नागमोडी रेघ मारायच्या आणि मी पायाने पेडल मारत हाताने कापड असं फिरवायचं, की शिलाई रेघेवरून ढळता कामा नये. ते जमलं की मध्येच भाजीचे भाव विचारायच्या, मध्येच रंग विचारायच्या, उत्तर द्यायचं आणि रेघ सोडायची नाही. बाहेरच्या खोलीत सर पेपर तोंडापुढे धरून बसलेले असत. एरवी पेपर न वाचणारा माणूस, पण त्या दिवसांत दुपारी पेपर असेच, आणि पान उलटल्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. एकदा माझी शिलाई पूर्ण वळणावरून अजिबात न सुटता गेली तेव्हा पेपरमागून खाकरल्याचा आवाज आला. काकू हळूच म्हणाल्या, “बघतायत हो. बघू देत.”

निघायच्या दिवशी आण्णा टेम्पो घेऊन स्टेशनपर्यंत आले. बसल्या जागेवरून म्हणाले, “न्हाय झालं तरी टेम्पो हाय आपला. घाबरू नगंस.” सर गेटवर खुर्चीत होते. मी पाया पडले. त्यांनी फक्त माझ्या बुटांकडे बघितलं आणि मान हलवली. बूट पॉलिश केलेले होते.

बोर्ड म्हैसूरला होता. मला तिथे सव्वीस नंबर मिळाला आणि खरं सांगते, पहिला अख्खा दिवस तो कोणी पुकारला की मी उशिराने ओ देत होते, कारण मी अकरा होते. मशिन टेस्टमध्ये मी पास झाले. काकूंच्या नागमोडी रेघा त्या ठिपक्यापेक्षा अवघड होत्या. आमच्यातल्या अर्ध्याअधिक मुली तिथूनच परत गेल्या. पुढचे दिवस मी ठरवून काही केलं नाही. गोष्टी लिहिल्या त्यात कोणी बुडालं नाही. एका गोष्टीत तर एक बाई बाजारातून कांदे आणून सांडते आणि परत गोळा करते, एवढंच होतं. गप्पा मारणाऱ्या अधिकाऱ्याला जे होतं ते सांगितलं. मैदानावर फळ्या दिसल्या तेव्हा हसू आलं. लाल रंगाला शिवले नाही, कोणाची फळी हिसकावली नाही. बाजूला एक अधिकारी हात मागे बांधून उभे होते आणि फक्त बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी मनात म्हटलं, बघा. मी ही अशी आहे.

शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स झाली. आम्हाला एका हॉलमध्ये बसवलं आणि एका अधिकाऱ्याने उभं राहून नंबर वाचले. थोडेच होते. सव्वीस त्यात नव्हता. बाकीच्यांनी नंबरांची कापडं सोडून एका टेबलावर ठेवायची होती. माझ्या पाठीवरची गाठ मला सुटेना, शेजारच्या मुलीने सोडून दिली. तासाभरात आम्हाला बसमध्ये बसवून स्टेशनवर सोडलं. बस मेसच्या मागच्या रस्त्याने गेली. मेसच्या व्हरांड्यात पडदे सोडलेले होते आणि आत कोणीतरी हसत होतं. तेव्हा मला आठवलं, की सर एकदा बोलता बोलता म्हणाले होते, निकालानंतर तिघंही बोर्डवाले मेसमध्ये चहा घेतात. मुलांना सोडायला कोणी जात नाही. तसा रिवाजच आहे, आणि तो बरा आहे, असं ते म्हणाले होते.

आण्णांनी स्टेशनवर माझं तोंड बघितलं आणि माझी बॅग उचलून टेम्पोत ठेवली. घरी आईने भाकरी वाढली. आई-आण्णांना जे सांगायचं ते सांगून झालं. तरी मला चैन पडेना. संध्याकाळी मी खाली उतरले आणि सरांची बेल वाजवली.

आता इतकी वर्षं झाली. आण्णांच्या एका टेम्पोचे माझ्याकडे आता ट्रक झाले आहेत आणि ड्रायव्हर मीच निवडते. कोणाला गाव विचारत नाही. गजबजलेल्या गल्लीतून ट्रक मागे घ्यायला सांगते आणि बाजूला उभी राहून बघते. ज्याला घ्यायचं नसतं त्याला मात्र मी स्वतः खुर्ची देऊन बसवते, चहा देते आणि तोंडावर सांगते. माझा मॅनेजर म्हणतो, मॅडम, हे फोनवर सांगितलं तरी चालतं, उगाच टेन्शन कशाला घेता. त्याने त्या संध्याकाळचं दार बघितलेलं नाही.

सरांनी दार उघडलं. मी उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. त्यांना न सांगता कळतंच. पण पुढे काय करायचं ते त्यांना कळेना, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्या माणसाने जन्मभरात किती मुलं नापास केली असतील कोण जाणे, पण निकाल लागल्यानंतरचं नापास झालेलं माणूस त्यांच्या दारात पहिल्यांदाच आलं होतं. त्यांचा एक हात कडीवरच राहिला होता.

मी रडणार नव्हते, ठरवून आले होते. मी म्हटलं, “तुम्ही सांगितलं तशी गेले, सर. मी जशी आहे तशीच गेले. काही वर-खाली केलं नाही.”

त्यांनी कडीवरचा हात काढला.

“मग नापास काय झालं?” मी विचारलं. “गोष्ट चुकली असती तर गोष्ट म्हटलं असतं. फळी चुकली असती तर फळी. मी तर काही केलंच नाही, नुसती मी होते.”

सर खाली बघत होते. मी त्यांना कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, “मला नाही माहीत. मला हे कधी कोणी विचारलं नाही.” आणि मग, “आम्ही चहा घेत होतो.”

माझा राग तिथल्या तिथे उतरला. मला त्यांची दया आली म्हणून नव्हे. ते खोटं बोलले नाहीत म्हणून. ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणाले असते, ‘नशीब’ म्हणाले असते, तर मी त्यांना कधी माफ केलं नसतं.

“नंबर परत केलास?” त्यांनी विचारलं.

“केला. टेबलावर ठेवला.”

त्यांनी मान हलवली. आणि दार पूर्ण उघडून ते बाजूला झाले, पाहुण्यासाठी होतात तसे. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता. काकूंनी नेहमीसारखं विचारलं, “कोण आलंय हो?”

सरांनी माझं नाव सांगितलं.

पूर्ण नाव. माझं, मग आण्णांचं, मग आडनाव, न अडखळता. ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. आतला भांड्यांचा आवाज थांबला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, आमच्या दोघांकडे बघितलं, आणि काही न विचारता परत आत जाऊन त्यांनी चहाचं भांडं बदलून मोठं घेतलं.